शिंगाचा कॅन्सर कोणाच्या खात्यावर?



नालवाडीच्या बैठकीत त्या दिवशी विषय होता कापसाच्या भावाचा. भावाचे बोलून झाले, चहा झाला, माणसे उठायला लागली, तेव्हा एका कास्तकाराने आम्हाला हाताला धरून गोठ्याकडे नेले. "भाऊ, तुम्ही तं शिकले-सवरले, जरा बैलाकडे पाहून द्या ना," म्हणाला. बैल सहा-सात वर्षांचा, अंगाने भरलेला, ऐन कामाचा. पण मान एका बाजूला टाकून उभा होता. डाव्या नाकपुडीतून पाणी गळत होते आणि त्यात तांबूस रेघ होती. मधूनमधून डोके झटकायचा आणि डावे शिंग खुंट्याला घासायचा.

आम्ही शेतकी पदवीवाले. जमिनीचा सामू विचारा, बोंडअळीची पिढी विचारा, ज्वारीवरची खोडमाशी विचारा, सांगू. जनावरांचा विषय पदवीच्या अभ्यासात चवीपुरता होता. पण शिकलेल्या माणसाला 'मला माहीत नाही' म्हणायला जड जाते. आम्ही म्हणालो, "मार लागला असेल. जोडीदाराने शिंग मारले असेल. हळद-तेल लावा, आठ दिवस जुंपू नका." त्याने आमच्यावर विश्वास ठेवला. आठ दिवसांचा महिना झाला, महिन्याचे दोन झाले. शिंग बुडापासून हलायला लागले, वाकले, आणि एक दिवस गोठ्यातच गळून पडले. खाली फुलकोबीच्या गड्ड्यासारखे लाल मांस, त्याला घाण वास, त्यात माश्यांनी घातलेल्या अळ्या. जनावरांचे डॉक्टर आले ते तेव्हा. त्यांनी हात लावण्याआधीच सांगितले, शिंगाचा कॅन्सर आहे, आणि आता उशीर झाला आहे. कापूस वेचणीला आला त्या दिवसांत बैल मेला. जोडीतला एक गेला की दुसऱ्याची किंमत अर्धीही राहत नाही, हे कोरडवाहू कास्तकाराला सांगायला नको.

हा लेख त्या चुकीतून लिहिला आहे. चूक आमची होती हे आधी कबूल करतो. मग पुढचा प्रश्न विचारतो. आम्हाला कळले नाही ते एक झाले. पण ज्या रोगाने या देशातले बैल शंभर वर्षांहून अधिक काळ मरत आहेत, त्या रोगाचा तज्ज्ञ म्हणावा असा माणूस आमच्या तालुक्यात, जिल्ह्यात का नसावा?

आधी रोग समजून घेऊ

बैलाचे शिंग भरीव नसते. वर जे दिसते ते नखासारखे टरफल. आत हाड. वासरू मोठे होते तसतसे हे हाड आतून पोकळ होत जाते, आणि ती पोकळी कपाळाच्या हाडातल्या पोकळीला जाऊन मिळते. कपाळाची पोकळी पुढे नाकाशी जोडलेली. म्हणूनच शिंगात बिघाड झाला की नाकातून पाणी आणि रक्त येते. आम्ही त्या दिवशी नाक पाहिले आणि शिंग पाहिले, पण दोन्हींची सांगड घातली नाही.

कॅन्सर सुरू होतो तो या पोकळीच्या आतल्या अस्तरापासून. गाठ आत वाढत राहते, हाड खात जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. दिसते ते एवढेच, की बैल डोके झटकतो, शिंग घासतो, मान रोगाच्या बाजूला कलती धरतो, आणि त्या एकाच बाजूच्या नाकपुडीतून लाळेसारखे, कधी रक्ताळलेले पाणी येते. शिंगाच्या बुडाशी हात ठेवला तर गरम लागते, दाबले तर बैल हात लावू देत नाही. ही वेळ आहे डॉक्टर बोलावण्याची. शिंग हलायला लागल्यावर नव्हे. शिंग वाकले की रोग पुढे गेलेला असतो, आणि कानाखालच्या गाठीपर्यंत पोचला तर मग हातात काही उरत नाही.

हा रोग पाच ते दहा वर्षांच्या, म्हणजे ऐन कामाच्या जनावराला जास्त होतो. गाईला कमी होतो, बिन-बडवलेल्या वळूला कमी होतो, म्हशीला क्वचितच. सर्वांत जास्त बैलाला. मोठ्या, जाड शिंगांच्या जातींत तो अधिक पाहिला गेला, गुजरातेतल्या कांकरेज जातीचे नाव त्यात नेहमी येते. आपल्या जिल्ह्याची गवळाऊ जात, आर्वी-आष्टी-कारंजा पट्ट्यातली पांढरी, हलक्या अंगाची, पळायला चपळ, तिची शिंगे आखूड असतात. पण आखूड शिंगाच्या बैलाला हा रोग होणारच नाही, असे समजून कोणी निवांत राहू नये.

का होतो? इथे मात्र आम्हाला हात आखडता घ्यावा लागतो. संशय पुष्कळ गोष्टींवर आहे. शिंगाला दोर बांधणे आणि त्या दोराने रोज घासले जाणे. जुवाचा, खुंट्याचा मार. पोळ्याला शिंगे तासणे आणि त्यावर तेलाचा रंग, वॉर्निश चोपडणे. उन्हाचा मारा. बैल बडवल्यामुळे शरीरातल्या रसांचा बिघडलेला तोल. एखादा विषाणू. यातल्या प्रत्येकाच्या बाजूने काहीतरी बोलता येते, पण अमुकच कारण असे छातीठोकपणे सिद्ध झालेले नाही. फवारणीच्या औषधांमुळे होतो असे बैठकीत एकाने सांगितले. औषधांचे इतर पाप मोठे आहे, पण हे पाप त्यांच्या माथी मारता येत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच, म्हणजे आजची कीटकनाशके जन्मायच्या आधी, या देशातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी हा रोग नोंदवलेला आहे.

पोळ्याचा विषय काढला की माणसे नाराज होतात. आम्हीही पोळा करतो. खांदेमळणीला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतो. बैलाची शिंगे रंगवू नका असे सांगायला आम्ही आलेलो नाही. एवढेच म्हणतो, की दुकानातून दाराचा ऑइल पेंट आणून तो बैलाच्या शिंगाला लावायची पद्धत काही आजोबांची नाही. आणि शिंग चमकावे म्हणून पात्याने ते इतके तासायचे की रक्त निघावे, यात बैलाचा कसला मान?

धोतर, ससा आणि बैल

कारण सिद्ध नाही म्हणून ते सिद्ध होऊच शकत नाही असे नाही. ते कसे करतात याचा एक धडा आपल्याच मराठी माणसाने घालून दिलेला आहे.

डॉ. वसंत रामजी खानोलकर हे मुंबईच्या परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले रोगनिदानशास्त्राचे मोठे नाव. रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. पुढे १९५२ साली परळलाच भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र निघाले, त्याचे ते पहिले संचालक. १९४५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी एक निबंध छापला. त्यात त्यांनी दाखवले, की या देशातल्या माणसांना काही कॅन्सर त्यांच्या राहणीच्या सवयीतून होतात. त्यातला एक होता धोतराचा कॅन्सर. कमरेला धोतर घट्ट कसून बांधायचे, वर्षानुवर्षे त्याच जागी घासायचे, तिथली कातडी आधी काळी पडायची, जाड व्हायची, आणि काहींच्या बाबतीत तिथेच कॅन्सर व्हायचा. लुगड्याच्या गाठीखालीही तसेच. लंडन-न्यूयॉर्कच्या पुस्तकात हा रोग सापडणे शक्यच नव्हते, कारण तिथे धोतर नव्हते. तो इथल्याच माणसाला दिसायचा होता, आणि दिसला, कारण इथे एक माणूस तेच पाहायला बसला होता. आंध्राच्या किनाऱ्यावर बायका पेटती चुट्टी उलटी तोंडात धरून ओढतात, त्यांच्या टाळूचा कॅन्सरही त्यांनीच अभ्यासला.

शिंगाच्या कॅन्सरचे नेमके असेच आहे. भारताबाहेर तो तुरळक. अमेरिकेतल्या, ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या तोंडाच्या हेरफर्ड गाईंना उन्हामुळे डोळ्याचा कॅन्सर होतो, त्यावर तिथल्या लोकांनी भरपूर काम केले, कारण तिथे त्या गाईंत मोठा पैसा गुंतलेला आहे. आपल्या बैलाच्या शिंगावर तिथले कोणी काम करणार नाही, आणि का करावे? हे काम आपले.

कातडीला पुन्हा पुन्हा लावलेल्या पदार्थाने कॅन्सर होतो का, हे पहिल्यांदा प्रयोगाने दाखवले तेही जनावरावरच. १९१५ साली जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा या दोघांनी सशाच्या कानाला डांबर लावले. एकदा-दोनदा नव्हे, महिनोन् महिने, पुन्हा पुन्हा. शेवटी कानावर कॅन्सरची गाठ आली. यातला इचिकावा हा शेतकी महाविद्यालयात जनावरांचे शास्त्र शिकलेला तरुण होता. म्हणजे आपल्याच पंथातला! जगातल्या कॅन्सर संशोधनाचा एक खांब सशाचा कान धरून बसलेल्या शेतकी पदवीवाल्याने उभा केला, हे आमच्या वर्गात कोणी सांगितले असते तर आम्ही जनावरांच्या तासाला झोपलो नसतो.

कमल रणदिवे यांचेही नाव घेतले पाहिजे. पुण्याच्या. खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी काम सुरू केले, आणि उंदरांच्या स्तनांच्या कॅन्सरवर वर्षानुवर्षे संशोधन केले. आनुवंश, शरीरातले रस आणि विषाणू यांचा एकमेकांशी काय संबंध, हे त्यांनी उंदराच्या पिढ्या पाळून तपासले. १९८२ साली पद्मभूषण मिळाले. आता गंमत पाहा. उंदराला कॅन्सर व्हावा म्हणून त्याच्या पिढ्या निवडून पाळाव्या लागतात. आपल्या बैलाला तो आपोआप होतो, उघड्या शिवारात, कोणी न मागता. आणि तो त्याच जातीचा कॅन्सर आहे, जो खर्रा चघळून आपल्या पोरांच्या गालात होतो. दोन्ही अस्तराच्या चपट्या पेशींचे. बैलाच्या शिंगातून माणसाच्या गालाबद्दल काही शिकता येईल का, हा प्रश्न एखाद्या हुशार मुलाने आयुष्य घालवावे अशा तोडीचा आहे.

मग तो मुलगा कुठे जातो?

विदर्भातला बारावी झालेला हुशार मुलगा नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात जातो. हे महाविद्यालय १९५८ सालचे, आणि २००० सालापासून नागपुरातच जनावरांचे स्वतंत्र विद्यापीठ आहे. साडेपाच वर्षे शिकतो. पुढे दोन वर्षे शस्त्रक्रिया, औषधोपचार किंवा रोगनिदान यातला एक विषय घेतो. कॅन्सर हा वेगळा विषय म्हणून घ्यायची सोय आपल्याकडे सहसा नाही. तो शस्त्रक्रियेत थोडा, रोगनिदानात थोडा असा विखुरलेला. मग स्पर्धा परीक्षा देतो, पशुधन विकास अधिकारी होतो, आणि तालुक्याला येऊन लसीकरण, कृत्रिम रेतन, कागद आणि बैठका यांत बुडतो. चांगला असतो तोसुद्धा बुडतो. त्याला आम्ही दोष देत नाही. एका दवाखान्याखाली किती गावे आणि किती जनावरे असतात, हे आपण पाहतोच.

ज्याला कॅन्सरचीच आवड लागली त्याची वाट शहराकडे जाते, किंवा समुद्रापार. अमेरिकेत जनावरांच्या कॅन्सरचा तज्ज्ञ हा वेगळा, मान्यताप्राप्त पेशा आहे. पदवीनंतर आणखी चार-पाच वर्षे दवाखान्यात घासून, परीक्षा देऊन ती पाटी मिळते. तिथल्या कोलोरॅडो राज्यातल्या विद्यापीठात स्टीफन विथ्रो नावाच्या पशुवैद्यकाने हाडाचा कॅन्सर झालेल्या कुत्र्यांचा पाय न कापता गाठ काढायची पद्धत बसवली. त्यातून जे कळले ते पुढे हाडाचा कॅन्सर झालेल्या मुलांच्या उपचारात कामी आले. त्याच विद्यापीठात जनावरांच्या कॅन्सरचे मोठे केंद्र उभे राहिले, आणि विथ्रोंचे पुस्तक जगभरच्या महाविद्यालयांत वाचले जाते. २००३ सालापासून अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने कुत्र्याचा आणि माणसाचा कॅन्सर शेजारी शेजारी ठेवून अभ्यासायचा कार्यक्रमच चालवला आहे. हे सगळे कौतुकाचे आहे. पण विथ्रोंच्या त्या पुस्तकाच्या नावातच 'छोटे प्राणी' असे शब्द आहेत. बैल काही छोटा नाही.

आपल्याकडेही तेच होऊ घातले आहे. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ साली टाटा ट्रस्टने छोट्या प्राण्यांसाठी मोठे रुग्णालय उघडले. खर्च सुमारे १६५ कोटी. चांगले झाले. कुत्र्याचे दुखणे खोटे नसते, आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याने आपल्या जनावरावर खर्च केला तर आमच्या पोटात दुखायचे कारण नाही. पण डॉक्टर तिथेच तयार होतो जिथे रोगी फी देतो. मुंबईच्या कुत्र्याचा मालक फी देतो. नालवाडीच्या बैलाचा मालक कापसाच्या भावावर जगतो. म्हणून एकाला तज्ज्ञ मिळतो आणि दुसऱ्याला हळद-तेल सांगणारे आमच्यासारखे शिकलेले लोक मिळतात.

फी नसतानाही काम होते, हेही आपण पाहिले आहे. बुळकांडी आठवते का? आजोबांना विचारा. गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. तिच्याशी लढायला १८८९ साली पुण्यात एक प्रयोगशाळा निघाली, तीच पुढे मुक्तेश्वरला गेली आणि आज इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. लस तयार झाली, गावोगाव टोचली गेली, आणि २०११ साली बुळकांडी जगातूनच नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. माणसांच्या देवीनंतर समूळ गेलेला हा दुसरा रोग, आणि तो ढोरांचा. एकाही शेतकऱ्याने त्यासाठी तज्ज्ञाची फी भरली नव्हती. सरकारला ते काम आपले वाटले म्हणून झाले.

आणि जिथे धंद्याला काम आपले वाटले, तिथेही झाले. कोंबड्यांच्या मॅरेक्स रोगाची लस कोंबडीवाल्यांना ठाऊक आहे. पिल्लू एक दिवसाचे असतानाच टोचतात. तो रोग म्हणजे विषाणूने होणारा कॅन्सरच. १९७० च्या सुमारास त्याची लस आली. कॅन्सरवरची ती जगातली पहिली लस, आणि ती माणसाच्या आधी कोंबडीला मिळाली, कारण कोंबडीमागे कारखाना उभा होता. बैलामागे कोण उभा आहे?

काम झालेच नाही असे नाही

इथे अन्याय होऊ नये म्हणून सांगतो. इज्जतनगरला, आणंदला आणि इतर पशुवैद्यक महाविद्यालयांत शिंगाच्या कॅन्सरवर लोकांनी मनापासून काम केले आहे. गाठीचाच अर्क काढून, तो फिनॉलमध्ये मारून त्याच बैलाला टोचायचा, म्हणजे शरीर स्वतःच गाठीविरुद्ध उभे राहील, असे प्रयोग झाले आणि काही जनावरांत गाठ मागे हटलेली दिसली. आणंदला अलीकडे या गाठीतल्या जनुकांचे वाचन झाले. पण हे काम एका विद्यार्थ्याच्या प्रबंधापासून दुसऱ्याच्या प्रबंधापर्यंत उड्या मारत जाते. विद्यार्थ्याला पदवी मिळते, नोकरी लागते, तो विषय सोडतो. नवा येतो, पुन्हा पहिल्यापासून. खानोलकर एका विषयाला चिकटून बसले म्हणून धोतराखालचा काळा डाग त्यांना दिसला.

उपचार आहे, हे मात्र प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. लवकर सापडले तर शिंगाच्या बुडाशी बधिर करायचे इंजेक्शन देऊन, तारेच्या करवतीने शिंग मुळापासून कापतात, आतली गाठ साफ करतात आणि कातडी ओढून वर शिवतात. बैल एकशिंगी होतो, पण औताला चालतो. त्यानंतर व्हिन्क्रिस्टिन नावाचे इंजेक्शन देतात, रोग पुन्हा उलटू नये म्हणून. रस्त्यावरच्या कुत्र्यांना जननेंद्रियावर जी लाल गाठ येते, तीही याच औषधाने बरी होते. आणि हे औषध येते कुठून? सदाफुलीतून. तुळशीवृंदावनाच्या शेजारी, आपल्या अंगणात बारा महिने फुलते ती. माणसांच्या रक्ताच्या कॅन्सरवर १९६० च्या दशकापासून हे औषध वापरात आहे. अंगणातला पाला काढून बैलाला खाऊ घालायला मात्र कोणी जाऊ नये. विषारी आहे. आम्ही एकदा अर्धवट सल्ला दिला, दुसऱ्यांदा देणार नाही.

पोसा म्हणणाऱ्यांनी डॉक्टरही द्यावा

आता मूळ भांडणाकडे येतो. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूचीही कत्तल बंद आहे. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. या कायद्याबद्दल आपल्या बैठकांत काय बोलले जाते ते सर्वांना ठाऊक आहे, ते पुन्हा उगाळत नाही. हिशेबाची गोष्ट करतो. आधी थकलेल्या, शिंग गेलेल्या बैलाचे चार पैसे यायचे, त्यात भर घालून गोऱ्हा घेता यायचा. आता तो मरेपर्यंत दावणीला. कडबा त्याचा, पाणी त्याचे, मजुरी त्याची. समाजाने ठरवले की बैल आपल्या मरणाने मरावा. ठीक. मग तो कोणत्या मरणाने मरतो, याची थोडी जबाबदारीही समाजाने घ्यावी. शिंगात अळ्या पडून दोन महिने तडफडणे हे आपले मरण कसे? मरेपर्यंत पोसा असा कायदा करणाऱ्याने मरणाच्या रोगाचा डॉक्टरही दिला पाहिजे, आणि तो फुकट दिला पाहिजे. ही भीक नाही, कायद्याने आमच्यावर टाकलेल्या ओझ्यातला त्याचा वाटा आहे.

हे आम्ही नालवाडीतून बोलतो आहोत, याला अर्थ आहे. विनोबा १९३२ च्या अखेरीस इथे राहायला आले. जमनालाल बजाजांनी शेवटचे दिवस इथल्याच गोपुरीत गोसेवेच्या कामात घालवले, आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये ते गेले. गोसेवेचे नाव घेऊन देशभर जे बोलले जाते त्याचे एक मूळ या मातीत आहे. याच नालवाडीत गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले, आपोआप मेलेल्या जनावरांच्या कातड्याचे. त्या काळात मेलेले ढोर सोलणाऱ्या माणसाला त्याच्या आत काय बिघडले होते ते दिसत असे. यकृत सडले होते की फुफ्फुस, शिंगात गाठ होती की नव्हती. जनावरांच्या रोगाचे एवढे ज्ञान गावात दुसऱ्या कोणाकडे नव्हते. त्याला कोणी विचारले नाही. विचारले असते तर त्याच्याशेजारी बसावे लागले असते.

कोणी म्हणेल, बैल आता राहिलेच किती? खरे आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात पावणेसात कोटींहून अधिक नर गोवंश होता, २०१९ मध्ये तो पावणेपाच कोटींच्या आसपास आला. सात वर्षांत सुमारे तीस टक्के घट. ट्रॅक्टर आला. पण बैल सुटला तो आधी मोठ्याच्या दावणीचा. पाच एकरवाल्याचा बैल अजून दावणीला आहे, कारण पऱ्हाटी उभी राहिल्यावर तासातून डवरा त्यालाच ओढायचा आहे. रोग्यांची संख्या घटली म्हणून दवाखाना बंद करायचा, तर तो सर्वांत गरीब रोग्यासाठी बंद होतो.

आमचे मागणे फार मोठे नाही. सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेत वर्धा जिल्ह्यातल्या माणसांच्या कॅन्सरची नोंदवही ठेवली जाते. कोणत्या गावात, कोणाला, कोणत्या अवयवाचा. तशीच एक वही जनावरांची का नको? जनावरांच्या कानात आता बारा आकडी बिल्ले आलेच आहेत. त्या आकड्यावर लसीची नोंद होते, तशी शिंगाच्या कॅन्सरचीही व्हावी. रंग लावला होता का, दोर शिंगाला होता का, कितव्या वर्षी बडवला, हे तीन प्रश्न सोबत विचारावेत. दहा वर्षांत एकट्या विदर्भातून एवढी माहिती जमा होईल, की कारणाचा छडा लावायला निघालेल्या मुलाला अंधारात चाचपडावे लागणार नाही. आणि विद्यापीठात एक कायमची जागा असावी. शिंगाच्या कॅन्सरवर आयुष्यभर बसणाऱ्या एका माणसाची. प्रबंध झाला की पळणाऱ्याची नव्हे. त्याच्या हाताखाली महिन्यातून एकदा तालुक्याच्या ठिकाणी शस्त्रक्रियेचा दिवस लागावा.

हे ठराव म्हणून जिल्हा बैठकीपुढे ठेवत आहोत. तोवर आपल्या हातात आहे ते करू. नालवाडीच्या पुढच्या बैठकीला एक पशुवैद्यक मित्र येणार आहेत, ते शिंग कसे तपासायचे ते गोठ्यातच दाखवतील. ज्यांच्या बैलाच्या एकाच नाकपुडीतून पाणी येते, किंवा जो मान कलती धरतो, त्यांनी बैठकीची वाट पाहू नये. दवाखान्यात न्यावे, किंवा १९६२ या क्रमांकावर फिरता दवाखाना बोलवावा. बाकीच्यांनी बैल सोबत आणले तरी चालेल. आणताना दोर शिंगाला नको, मानेला किंवा म्होरकीला बांधावा.

ज्याचा बैल गेला तो कास्तकारही बैठकीला येणार आहे. त्याने गळून पडलेले ते शिंग अजून ठेवले आहे. आतून कसे पोखरले गेले ते सगळ्यांना पाहता यावे म्हणून घेऊन येतो म्हणाला.